दोन मिलिमीटरांचा फरक : हाताने घडवलेल्या टेडी अस्वलांची कला

ज्या टेडी अस्वलाचा नमुना आखण्यापासून नाकावरचा शेवटचा टाका घालण्यापर्यंतचे सगळे काम एकाच व्यक्तीच्या हातून झालेले असते, त्याला या क्षेत्रात ‘आर्टिस्ट बेअर’, म्हणजे कलावंताचे अस्वल, असे म्हणतात. कापडाचे सुमारे वीस तुकडे, पाच सांधे, दोन डोळे आणि थोडे भरण एवढ्या सामग्रीतून ते उभे राहते. तरीही एकाच नमुन्यावरून दोन व्यक्तींनी शिवलेली दोन अस्वले कधीही सारखी दिसत नाहीत. ही विद्या शिकवणाऱ्या शाळा फारशा नाहीत आणि सुतार किंवा सोनार यांच्यासारखी पिढीजात परंपराही तिच्यामागे नाही, त्यामुळे ती मुख्यत्वे एका शिवणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली आहे. या देवाणघेवाणीचे एक वैशिष्ट्य असे, की तिच्यात धीर देणे आणि युक्ती सांगणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. पहिलेच अस्वल वाकड्या तोंडाचे झाले म्हणून खचलेल्या नवशिक्याला ‘छान जमले आहे’ एवढेच सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. पण डावा डोळा दोन मिलिमीटर वर गेला आहे आणि तो काढून पुन्हा बसवता येतो, असे दाखवून दिले की जो दोष त्याला स्वतःच्या हातात आहे असे वाटत होते, तो एका टाक्यात आहे हे त्याला उमगते.

टेडी अस्वलाचा जन्म दोन खंडांत जवळजवळ एकाच वेळी झाला. नोव्हेंबर 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले असता झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला, आणि व्यंगचित्रकार क्लिफर्ड बेरीमन यांनी त्या प्रसंगावर काढलेले चित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालवणारे मॉरिस मिक्टम आणि त्यांची पत्नी रोझ यांनी त्यावरून कापडी अस्वल शिवून दुकानात मांडले आणि त्याला रूझवेल्ट यांचे लाडके नाव ‘टेडी’ दिले. त्याच वर्षी जर्मनीतील गिंगेन या गावी मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारे, 55 सेंटिमीटरचे मोहेरचे अस्वल तयार केले. 1903 च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने त्याची 3,000 नगांची मागणी नोंदवली, आणि 1907 या एका वर्षात त्या कारखान्यातून 9,74,000 अस्वले बाहेर पडली.

या इतिहासातील दोन बारीक गोष्टींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दीड वर्षाच्या असताना झालेल्या पोलिओमुळे मार्गारेटे यांचे दोन्ही पाय लुळे पडले होते आणि उजव्या हातात पुरेसा जोर नव्हता. तेव्हा शिवणयंत्राचे चाक डाव्या हाताने फिरवता यावे म्हणून त्यांनी यंत्रच उलट फिरवून घेतले. शिवणकामातील अडचणीवरचा उपाय पुष्कळदा एवढाच साधा, पण कोणाला तरी सुचावा लागणारा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या साऱ्या उद्योगाचे मूळ असलेला नमदेवजा कापडाचा छोटा हत्ती. टाचण्या खोचून ठेवण्यासाठी केलेला तो हत्ती त्यांनी ‘मोडेनवेल्ट’ या नियतकालिकाच्या डिसेंबर 1879 मधील अंकात छापलेल्या नमुन्यावरून शिवला होता. म्हणजे जगातील सर्वांत नावाजलेल्या अस्वलांच्या कारखान्याच्या मुळाशीसुद्धा कोणीतरी मोकळ्या मनाने दिलेला एक कागदी नमुना आहे.

कारखान्यातील अस्वलाकडून कलावंताच्या अस्वलाकडे होणारा प्रवास पहिल्या टेडी अस्वलानंतर सुमारे सत्तर वर्षांनी सुरू झाला. ब्रिटिश अभिनेते पीटर बुल यांनी 1969 मध्ये टेडी अस्वलांवर पुस्तक लिहिले आणि लहानपणीचे अस्वल जपून ठेवणारी प्रौढ माणसे किती आहेत हे उघड झाले. 1970 च्या दशकात अमेरिकेतील बेव्हर्ली पोर्ट यांनी बाहुल्यांच्या प्रदर्शनांत स्वतः घडवलेली अस्वले मांडण्यास सुरुवात केली. ‘टेडी बेअर आर्टिस्ट’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. पुढे ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, जपान आणि रशिया या देशांत अस्वल शिवणाऱ्यांचे मेळावे भरू लागले आणि त्या मेळाव्यांत विक्रीच्या टेबलांइतकीच गर्दी युक्त्या विचारणाऱ्यांची होऊ लागली.

नवशिक्याला पहिला सल्ला द्यावा लागतो तो कापडाविषयी. परंपरेने हे अस्वल मोहेर या कापडाचे असते. मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या बोकडाचे व शेळीचे लांब, चकचकीत केस. या जातीचे नाव तुर्कस्तानातील अंकारा शहराच्या जुन्या नावावरून पडले असले, तरी आज जगातील सुमारे निम्मे मोहेर दक्षिण आफ्रिकेतून येते. अस्वलासाठी लागणारे मोहेर मखमलीसारखे लव असलेले विणतात. त्यासाठी मागावर कापडाचे दोन पदर समोरासमोर ठेवून विणले जातात, मोहेरचे धागे या पदरातून त्या पदरात ये-जा करतात, आणि मग मधोमध पाते फिरवून ते धागे कापले की लव असलेली दोन कापडे एकाच वेळी मिळतात. या रचनेमुळे लवेखालचे सुती कापड घट्ट राहते, ते ताणत नाही, आणि अस्वल शिवताना याच गुणाला सर्वाधिक महत्त्व आहे.

या ठिकाणी अनुभवी कारागिरांत मतभेद आहे. पहिले अस्वल बिघडणारच, तेव्हा त्यासाठी महाग मोहेर वाया घालवू नये, स्वस्त कृत्रिम लवेचे कापड घ्यावे, असे काहीजण सांगतात. तर काहींच्या मते स्वस्त कापडानेच पहिले अस्वल बिघडते. दुसऱ्या मताकडे झुकावे असे कारण भक्कम आहे. कृत्रिम लवेचे बहुतेक कापड खालून विणमाल, म्हणजे बनियनसारखे लवचीक असते. त्यात भरण भरू लागले की ते सगळीकडून फुगते, गाल लोंबतात, पाय भोपळ्यासारखे होतात, आणि नवशिक्याला वाटते की आपला हातच वाईट. प्रत्यक्षात दोष कापडाच्या ताणाचा असतो. मोहेर परवडत नसेल तर अशा कापडाला उलट्या बाजूने न ताणणारे पातळ अस्तर चिकटवून घ्यावे, किंवा जुन्या लोकरी कोटाचे, जाड ब्लँकेटचे घट्ट विणीचे कापड वापरावे. आकार सुमारे तीस ते पस्तीस सेंटिमीटर आणि लव सुमारे एक सेंटिमीटर असावी, हाही सल्ला नेहमीचा. कारण लहान अस्वल सोपे असते हा समज खरा नाही, तळहाताएवढ्या अस्वलात एक मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते, आणि आखूड लवेत प्रत्येक टाका उघडा पडतो, तर मध्यम लव बऱ्याच चुका पोटात घालते.

कापड बेतताना लवेची दिशा पाहणे अत्यावश्यक असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा कापडावरून हात फिरवला की ज्या दिशेने लव बसते ती तिची दिशा, आणि नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यावरील बाण त्याच दिशेला यावा लागतो. एका पायाची लव वर आणि दुसऱ्याची खाली गेली, तर एकाच रंगाचे दोन्ही पाय निरनिराळ्या छटांचे दिसतात, कारण लवेवर प्रकाश दोन तऱ्हांनी पडतो. बेतणी नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला करावी. प्रत्येक तुकडा आखल्यानंतर त्याची आरशातली जोडी, म्हणजे नमुना पालथा घालून काढलेला दुसरा तुकडा, लगेच आखून टाकावा. तसे न केल्यामुळे दोन डाव्या बाजूंचे डोके कापले गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात इतकी आहेत, की ती चूक न केलेला कारागीर विरळाच म्हणावा लागेल. कापताना टोकदार छोटी कात्री घेऊन तिचे टोक लवेच्या मुळाशी सरकवावे आणि फक्त खालचे कापड कापावे. मोठ्या कात्रीने सरसकट कापले तर कडेची लव अर्धी कापली जाते, आणि शिवणीवर एक बोडकी रेघ उमटते जी नंतर कशानेही भरून येत नाही.

शिंप्यांच्या भाषेत शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. अस्वलासाठी पाच-सहा मिलिमीटर माया पुरते, पण ती सर्वत्र सारखी असणे आवश्यक असते, कारण तोंडाच्या चिंचोळ्या भागात एका बाजूची माया जास्त झाली तर नाक त्या बाजूला वळते. लवेचे दोन थर शिवताना एकमेकांवरून घसरतात, म्हणून नुसत्या टाचण्यांवर विसंबू नये. शिवण्यापूर्वी सगळी लव आतल्या बाजूला ढकलून घ्यावी, कच्चा धावदोरा घालावा आणि मगच यंत्रावर बारीक टीप मारावी. हाताने शिवायचे असेल तर मजबूत दोऱ्याची उलटी टीप घालावी. सुलट केल्यावर शिवणीत अडकलेले केस दाभणाच्या टोकाने एकेक उपसून काढले की शिवण जवळजवळ नाहीशी होते. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो कंटाळवाणा असतो, पण जत्रेतील स्वस्त खेळणे आणि जतन करण्याजोगे अस्वल यांतील पहिला दिसणारा फरक याच अर्ध्या तासात पडतो.

डोके तीन मुख्य तुकड्यांचे असते: दोन बाजू, आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली निमुळती पट्टी. अंगरख्याला घेर देण्यासाठी घालतात त्या कळीचेच काम ही पट्टी करते. ती किती रुंद आहे आणि कुठे अरुंद होते, यावर कपाळाची ठेवण ठरते. ती जोडताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ शिवत गेल्यास कापड पुढे सरकून नाक वाकडे होते. म्हणून आधी नाकाचा मध्य पक्का करावा आणि तिथून एकेक बाजू मानेकडे शिवत न्यावी. डोके भरताना नाकाच्या टोकापासून सुरुवात करून तिथे भरणाचे लहान लहान तुकडे लाकडी काठीने दाबून बसवावेत, इतके की बोटाने दाबले तरी ते दबू नये. नाक आणि तोंडाचा पुढचा भाग मऊ राहिला, तर पुढे भरतकामाचा दोरा ओढताच तो आत खचतो आणि हसरे अस्वल कुरतडल्यासारखे दिसू लागते. डोक्याचा मागचा भाग भरताना उलट मोठे, पिंजून मोकळे केलेले पुंजके वापरावेत, म्हणजे गाठी पडत नाहीत.

यानंतर येतो तो या कलेचा गाभा, म्हणजे चेहरा. 1902-03 च्या सुमाराची अस्वले खऱ्या अस्वलासारखी होती. त्यांचे तोंड लांब, कपाळ उतरते, हात लांब आणि पाठीला कुबड असे. पुढे तोंड आखूड आणि कपाळ मोठे होत गेले. हा बदल केवळ दिसण्यावर सोडून न देता केंब्रिज येथील रॉबर्ट हाइंड आणि त्यांचे सहकारी एल. ए. बार्डन यांनी निरनिराळ्या काळांतील अस्वलांची मोजमापे घेतली आणि 1985 मध्ये ‘टेडी अस्वलाची उत्क्रांती’ या विषयावर शोधलेख प्रसिद्ध केला. त्याची सांगड कोनराड लोरेन्ट्स यांनी 1943 मध्ये मांडलेल्या ‘बालरूपा’च्या कल्पनेशी घालता येते, मोठे कपाळ, खाली बसवलेले मोठे डोळे, फुगीर गाल आणि छोटे नाक ही लक्षणे दिसली की प्रौढांच्या मनात सांभाळण्याची भावना जागी होते, असे ती कल्पना सांगते. याहून रंजक निष्कर्ष 1995 मधील एका अभ्यासाचा आहे. त्यात चार वर्षांच्या मुलांनी बालरूपाच्या अस्वलाला विशेष पसंती दिली नाही. ती पसंती थोड्या मोठ्या मुलांत दिसली. म्हणजे अस्वलाचा चेहरा बाळासारखा होत गेला तो बहुधा खेळणाऱ्या चिमुकल्यांमुळे नव्हे, विकत घेणाऱ्या मोठ्यांमुळे.

शिवणाऱ्याच्या दृष्टीने या संशोधनाचा उपयोग थेट आहे. डोळे खाली आणि नाकाच्या जवळ आणले की अस्वल लहान, निरागस दिसते. वर आणि एकमेकांपासून दूर नेले की ते वयस्क, क्वचित बावरलेले दिसते. कान डोक्याच्या वर उभे लावल्यास ते सावध वाटते, तर बाजूला उतरते लावल्यास शांत आणि आज्ञाधारक. तोंडाची रेघ नाकाखाली जितकी लांब सोडावी, तितके अस्वल गंभीर होते. या जागा नमुन्यावर कितीही काटेकोर खुणावलेल्या असल्या, तरी भरण भरल्यावर त्या हलतात, म्हणून खुणेवर विसंबून डोळा कधीही शिवू नये. आधी काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या खोचाव्यात, कान टाचून ठेवावेत आणि डोके हाताभर दूर ठेवून पाहावे. त्यापुढची युक्ती चित्रकारांकडून आलेली आहे: तेच डोके आरशात पाहावे. डोळ्याला सवयीने न दिसणारा तिरकेपणा आरशात उलटे प्रतिबिंब पडताच ठळक होतो. मोबाइलवर छायाचित्र काढून पाहिल्यानेही हेच साधते. टाचण्या चार वेळा हलवून पाहण्यात कसलाही कमीपणा नसून अनुभवी कारागीर त्या दहा वेळा हलवतात, हे नवशिक्याला मुद्दाम सांगावे लागते, कारण त्याची अशी समजूत असते की ज्याला कला येते त्याला जागा पहिल्याच वेळी सापडते.

जागा ठरली की अरीने तिथे बारीक भोक पाडून, कडेचे धागे न तोडता ते रुंद करावे. जुन्या अस्वलांचे डोळे म्हणजे बुटांची काळी बटणे असत. नंतर मागे तारेची कडी असलेले काचेचे डोळे आले आणि कलावंतांच्या अस्वलांत आजही तेच जास्त दिसतात. कडी पकडीने चेपून लांबट करावी, दुहेरी मजबूत दोरा तिच्यात ओवून लांब दाभणाने डोक्याच्या मागच्या किंवा मानेच्या बाजूला काढावा, आणि दोन्ही डोळ्यांचे दोरे एकत्र ओढून गाठ मारावी. ही ओढ महत्त्वाची आहे. डोळा किंचित आत खेचला गेला की भोवती खोबण तयार होऊन भुवईचा भास होतो, आणि काचेच्या मण्यात नजर येते. नाक जाडसर सुती दोऱ्याच्या भरीव टाक्याने भरतात. त्याचा पहिला टाका बरोबर मध्यावर घालून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे असे भरत गेल्यास दोन्ही बाजू सारख्या होतात. टाके समांतर बसत नसतील तर आधी नाकाच्या आकाराचा नमदेवजा कापडाचा तुकडा चिकटवून त्याच्यावरून भरावे. शेवटी तोंडाच्या पुढच्या भागावरील लव बारीक कात्रीने कातरतात. एका वेळी थोडीच कातरावी आणि दर वेळी थांबून पाहावे, कारण कातरलेली लव परत येत नाही.

एखाद्याने पाठवलेल्या अस्वलाच्या छायाचित्रावर मत देताना जाणते कारागीर ज्या क्रमाने बोलतात, तो शिकून घेण्याजोगा आहे. ते आधी जमलेली एक नेमकी गोष्ट सांगतात, उदाहरणार्थ, शिवणीतले केस नीट उपसले आहेत. मग एकच सुधारणा सुचवतात आणि तिचे कारण देतात. आणि शक्य असेल तर ती याच अस्वलात करता येईल की पुढच्यात, हेही स्पष्ट करतात. एकाच वेळी सात दोष दाखवले तर ऐकणारा त्यांतला एकही दुरुस्त करत नाही, असा सर्वांचा अनुभव आहे. दर वेळी नवा नमुना घेण्यापेक्षा एकाच नमुन्याची तीन अस्वले ओळीने शिवावीत, हा सल्लाही याच जाणतेपणातून आलेला आहे. पहिल्यात हात कापडाशी झगडत असतो, दुसऱ्यात तो सांधे आणि भरण शिकतो, आणि तिसऱ्यात प्रथमच मनाला चेहऱ्याकडे पाहण्याची उसंत मिळते. प्रत्येक अस्वलाचे कापड, लवेची लांबी, डोळ्यांचा व्यास आणि वजन एका वहीत टिपून ठेवले, तर चांगले जमलेले अस्वल पुन्हा जमवता येते. ज्या दिवशी चेहरा काही केल्या मनासारखा होत नाही, त्या दिवशी डोके टोपलीत ठेवून दुसरे काम हाती घ्यावे. चार दिवसांनी तेच डोके पाहिले असता नेमके काय चुकले ते बहुधा लगेच दिसते.

हातपाय आणि डोके फिरते राहण्यासाठी चकत्यांचे सांधे वापरतात. श्टाइफ यांच्या पहिल्या अस्वलाचे अवयव दोऱ्याने जोडलेले होते, मग काही काळ आरपार धातूची सळई आली, आणि 1905 च्या सुमारास चकत्यांची पद्धत आली, तीच आजतागायत चालू आहे. अवयवाच्या आत एक आणि धडाच्या आत एक अशा पुठ्ठ्याच्या किंवा दाबीव लाकडाच्या दोन चकत्या असतात, आणि दोन पाती असलेली कॉटर पिन नावाची खीळ त्यांच्यातून काढून तिची पाती पकडीने वळवून घट्ट बसवतात. ज्यांच्या मनगटांत जोर कमी असतो त्यांच्यासाठी नटबोल्टचा सांधा सोयीचा; तो पान्याने आवळता येतो आणि चुकल्यास सोडवता येतो. सांधा सुरुवातीला जरा जास्तच घट्ट वाटावा असा ठेवावा, कारण भरण बसत गेले की तो सैल होतोच. सांध्यांची भोके धडावर दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर पडली आहेत ना, हे आवळण्यापूर्वी तपासावे. बसवलेले अस्वल एका बाजूला कलंडते त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

धडाच्या भरणात निवडीला बराच वाव आहे. जुन्या अस्वलांत लाकडाचे लांब, बारीक तंतू भरलेले असत आणि दाबले की ती करकरत. नाकाला आकार देण्यासाठी काही कारागीर ते आजही वापरतात. ब्रिटिश कारखान्यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान कापोक वापरला. हा कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडांतील हलका, रेशमी कापूस, आणि शेवरीच्या कापसाच्या उशा ज्यांनी पाहिल्या आहेत त्या मराठी घरांना त्याचा स्पर्श सांगावा लागणार नाही. आता पॉलिस्टरचे तंतू सर्वांत जास्त चालतात, आणि पोटात वजन यावे म्हणून कापडी पिशवीत शिवलेले काचेचे बारीक मणी किंवा पोलादी छर्रे ठेवतात. हातात घेतल्यावर अस्वल जिवंत वाटते ते बव्हंशी या वजनामुळे. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत लाकडी तंतूंना बुरशी धरण्याचा धोका असल्याने तिथे पॉलिस्टर बरे. मोहेरला मात्र कुठेही कसर लागू शकते. तशी शंका आल्यास अस्वल पिशवीत घट्ट बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ते खोलीच्या तापमानाला येऊ देतात, म्हणजे त्यावर दव धरत नाही.

अस्वल कोणासाठी आहे हा प्रश्न डोळे निवडण्यापूर्वीच सोडवावा. काचेचे डोळे, बटणे, मणी आणि छर्रे हे सगळे संग्राहकाच्या कपाटासाठी ठीक. लहान मुलाच्या तोंडात ते गेल्यास जीवावर बेतू शकते. वेंडी बोस्टन या ब्रिटिश उत्पादक महिलेने 1948 मध्ये मागून स्क्रूने घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे डोळे आणले आणि 1954 मध्ये धुता येणारे अस्वल बाजारात आणले, ते याच काळजीपोटी. भारतात 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तरी सूट मिळाली म्हणून सुटणारा डोळा सुरक्षित होत नाही. बाळासाठी शिवायचेच असेल तर डोळे आणि नाक दोऱ्याने भरावेत, सांधे टाळावेत आणि प्रत्येक शिवण दुहेरी घालावी. सुया मोजून घ्याव्यात आणि मोजून ठेवाव्यात. भरणात राहिलेली सुई शोधण्यासाठी पूर्ण झालेल्या अस्वलावरून लोहचुंबक फिरवणे ही सवय ज्यांनी लावून घेतली त्यांनी ती कधी सोडलेली नाही.

विकण्याचा विचार करणाऱ्यांना जाणत्यांकडून दोन गोष्टी स्पष्टपणे ऐकायला मिळतात. दुसऱ्याच्या नमुन्यावरून शिकणे पूर्ण योग्य, पण तसे अस्वल स्वतःची रचना म्हणून विकणे अयोग्य; नमुना देणाऱ्याने विक्रीस परवानगी दिली असेल तरी त्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे. कान थोडे मोठे केले म्हणून रचना आपली होत नाही, डोक्याची मधली पट्टी स्वतः आखली की ती आपली होऊ लागते. दुसरी गोष्ट किमतीची. एका अस्वलाला सहज वीस-पंचवीस तास लागतात, आणि नवे कारागीर सामानाचे पैसे निघाले की समाधान मानतात. त्यामुळे त्यांचे स्वतःचे नुकसान होतेच, शिवाय त्याच कामावर घर चालवणाऱ्या इतरांचेही होते. लिलावात 1994 मध्ये 1904 सालच्या ‘टेडी गर्ल’ नावाच्या श्टाइफ अस्वलाला 1,10,000 पौंड मिळाले होते, पण तसल्या आकड्यांकडे पाहून कोणी आपली किंमत ठरवू नये. तासांची नोंद ठेवावी आणि तिच्यावरून ठरवावी.

हाताची काळजी हा विषय मात्र फार थोडे लोक वेळेवर काढतात. घट्ट भरण दाबताना अंगठ्याच्या मुळावर आणि जाड कापडातून दाभण ओढताना मनगटावर सतत ताण येतो. सुई हाताने ओढण्याऐवजी पकडीने किंवा रबरी तुकड्याने ओढावी, अरुंद हातपाय सुलट करण्यासाठी शल्यविशारद वापरतात तसला लांब, अडकवता येणारा चिमटा घ्यावा, अर्ध्या तासाने बोटे मोकळी करावीत, आणि कापणीच्या वेळी उडणारे केस श्वासात जाऊ नयेत म्हणून तोंडावर पट्टी बांधावी.

सगळ्यात शेवटी पाठ बंद करायची असते. त्या आधी अस्वल एक रात्र बसवून ठेवण्याची पद्धत आहे, कारण रात्रभरात भरण आपोआप खाली बसते आणि खांद्यांपाशी, मानेखाली कुठे पोकळी राहिली ते सकाळी हाताला लागते. तिथे थोडे भरण आणखी सारता येते, जे पाठ शिवल्यावर शक्य नसते. मग शिडीच्या पायऱ्यांसारखे, एकदा या काठावर आणि एकदा त्या काठावर असे टाके सैल घालत जावे, आणि चार-पाच टाके झाले की दोरा ओढावा, म्हणजे दोन्ही काठ आत वळून एकमेकांना मिळतात आणि लव वरून झाकून घेते. दोऱ्याचे शेवटचे टोक गाठीनंतर कापायचे नसते. दाभण धडातून आरपार नेऊन दुसऱ्या बाजूला काढतात, दोरा किंचित ओढून तिथेच कापतात, आणि ते टोक अस्वलाच्या पोटात परत जाते.